येरवड्याच्या भिंतीपासून सिव्हिलच्या ओपीडीपर्यंत

सोलापुरात मनोरुग्णालय नाही. राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार ठिकाणी. त्यामुळे सोलापूर, अक्कलकोट, बार्शीकडच्या घरात एखाद्याचं डोकं बिघडलं, की अडीचशे किलोमीटरवरचं येरवडा हा एकच रस्ता माहीत असायचा, आणि तिथे माणूस गेला की सोयरीक मोडायची भीती. आज सिव्हिलमध्ये केसपेपर काढून मनोविकार विभागात दाखवता येतं, औषध घेऊन संध्याकाळी घरी येता येतं. हा बदल घडवण्यात मनोविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीचा, मोठा वाटा आहे. सामान्य माणसाला तिचं नावही ठाऊक नसतं, म्हणून हा मागोवा.

संघटना स्थापन झाली 7 जानेवारी 1947 रोजी, दिल्लीत, शास्त्रज्ञांच्या सायन्स काँग्रेसच्या अधिवेशनाच्या निमित्ताने. डॉ. नगेंद्रनाथ डे पहिले अध्यक्ष झाले. त्याआधी 1939 पासून इथले मोजके डॉक्टर ब्रिटनच्या रॉयल मेडिको-सायकॉलॉजिकल असोसिएशनची भारतीय शाखा म्हणून एकत्र येत होते. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करायला सरकारने नेमलेल्या भोर समितीच्या 1946 च्या अहवालातलं चित्र भयंकर होतं: चाळीस कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा, आणि त्याही बहुतेक कोंडवाड्यासारख्या ठिकाणी. पहिलं वार्षिक अधिवेशन 1948 च्या जानेवारीत पाटण्याला भरलं.

तेव्हा कायदा होता 1912 चा ल्युनसी ॲक्ट, म्हणजे वेडेपणाचा कायदा. माणसाला दाखल करायचं तर नातेवाइकांचा अर्ज, डॉक्टरांचे दाखले आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम. आजारपण आधी कचेरीत आणि मग दवाखान्यात. रुग्ण गुन्हेगार असल्यासारखाच सारा व्यवहार. संघटनेने स्थापनेनंतर तीनच वर्षांत, 1950 मध्ये, नव्या कायद्याचा मसुदा सरकारला सादर केला. मानसिक आरोग्य कायदा मंजूर झाला 1987 मध्ये आणि प्रत्यक्ष लागू झाला 1993 मध्ये. मसुदा डॉक्टरांनी इतक्या लवकर दिलेला असताना चार दशकं तो सरकारी दप्तरात फिरत राहिला, याची चीड मला आजही येते. या काळात किती माणसं साखळदंडात राहिली असतील याची मोजदादच नाही. कायदा आल्यावरही ते थांबलं नाही. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या आश्रमाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले 28 रुग्ण जळून मेले.

दुसरी वाट मात्र आधीच सुरू झाली होती: सर्वसाधारण रुग्णालयातच मनोविकार विभाग. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी 1933 मध्ये तो पायंडा पाडला, मुंबईत जे. जे. मध्ये 1938 साली तसा विभाग सुरू झाला. छाती, हाड, डोळा दाखवायला येणाऱ्यांच्याच रांगेत मनाचा रुग्ण उभा राहिला, की नातेवाइकांची लाज निम्मी होते. जिल्ह्याच्या गावांना उपयोगी पडलं ते हेच. सोलापुरात 1963 मध्ये सुरू झालेलं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं सिव्हिल नसतं, तर विडी कामगार बाईला किंवा यंत्रमागावरच्या कामगाराला मनोविकारतज्ज्ञ परवडला असता का? इथे रुग्ण तेलुगूत रडतो, कन्नडमध्ये शिव्या देतो आणि मराठीत लक्षणं सांगतो. परदेशी पुस्तकातली प्रश्नावली त्याला कशी पुरेल? भारतातल्या रुग्णांवरचं संशोधन संघटनेच्या नियतकालिकात, इंडियन जर्नल ऑफ सायकिॲट्रीत, छापून येतं आणि उपचारांची मार्गदर्शक तत्त्वंही संघटना काढते, ती यासाठी मोलाची आहेत.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याबद्दल संघटना समाधानी नव्हती. आजारात कोणता उपचार हवा आणि कोणता नको याचे रुग्णाने आधीच लिहून ठेवायचे निर्देश आणि कुटुंबाची भूमिका यांवर तिने आक्षेप घेतले. काही आक्षेप मला पटतात: आपल्याकडे रात्रंदिवस रुग्णाजवळ बसते ती आई किंवा बायको, नर्स नव्हे. पण भूल न देता विजेच्या झटक्यांचा उपचार करायला बंदी, आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षेऐवजी मदत, आणि विमा कंपन्यांनी मनाचे आजार शरीराच्या आजारांच्या बरोबरीने धरणं, ही या कायद्याची देणगी मोठीच आहे. 2018 मध्ये समलैंगिकता हा आजार नाही, असं संघटनेने जाहीरपणे सांगितलं. त्या एका निवेदनाने कितीतरी घरांतल्या 'उपचारां'चा आधारच काढून घेतला.

डॉक्टरांचा तुटवडा मात्र संघटनेच्या हातात नाही. बंगळूरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या 10.6 टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला आणि त्यातल्या बहुसंख्यांना उपचारच मिळत नव्हते. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात मनोविकारशास्त्राला पुरेशी जागा द्या, ही संघटनेची मागणी त्यामुळेच जुनी आहे. प्रत्येक तालुक्यात मनोविकारतज्ज्ञ मिळणार नाही. निदान तिथला साधा डॉक्टर तरी नैराश्य ओळखणारा हवा.

संघटनेचं सभासदत्व म्हणजे परवाना नव्हे. कुणाला डॉक्टरबद्दल तक्रार असेल तर ती महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करायची, कारण डॉक्टरांची नोंदणी तिथे होते. दाखल रुग्णाच्या हक्कांचा भंग झाला असेल तर 2017 च्या कायद्याने ठरवलेलं मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ आहे. आणि रात्री-बेरात्री कुणाशी बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक 2022 पासून चालू आहे.