आपट्याचा ढीग आणि बिनकामाचा राजा

दसऱ्याला संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात उभं राहून कधी नीट बघितलंय का? समोर आपट्याच्या पानांचा ढीग पडलेला असतो, मैदान माणसांनी गच्च, बारकी पोरं बापाच्या खांद्यावर, आणि तरी त्या ढिगाला कोण हात लावत नाही. अंबाबाईची, भवानीची, गुरुमहाराजांची पालखी येते, ती जुनी मेबॅक गाडी येते, छत्रपतींच्या हस्ते शमीपूजन होतं, फैरी झडतात, आणि मग बघता बघता त्या ढिगातली एक काडी शिल्लक राहत नाही. बंदोबस्त असतो, पण एवढी गर्दी काय पोलिसांनी थोपवलेली नसते, ती आपली आपणच थांबलेली असते.

एका दसऱ्याला तिथंच उभं असताना मित्र म्हणाला, "तिकडं लंडनचा राजा पार्लमेंटचं बिल आलं की गुमान सही करतोय, सरकारनं लिहून दिलेलं भाषण वाचतोय, मग भावा ह्यो करतोय काय नुसतं?" तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोललो, पण उत्तर खरं तर आमच्या समोरच पडलेलं होतं.

आता कोल्हापूरच्या माणसाला हा प्रश्न पडणारच, कारण आपल्या डोक्यात राजा म्हणजे शाहू महाराज, म्हणजे काम करणारा राजा. राधानगरीचं धरण, खासबागचं मैदान, १९१७ ला मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण, आणि त्याआधी २६ जुलै १९०२ चा तो जाहीरनामा, नोकऱ्यांत मागासलेल्यांना ५० टक्के जागा. गंमत बघा, तो हुकूम निघाला तेव्हा महाराज स्वतः विलायतेला होते, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला गेलेले. म्हणजे डोक्यावर इंग्रजांची सत्ता असलेला करवीरचा राजा आपल्या संस्थानात एका हुकमानं जे करू शकत होता, ते ज्याच्या राज्याभिषेकाला गेला त्या बादशहाला त्याच्या लंडनमध्ये करता आलं नसतं, कारण तिकडं पार्लमेंटनं राजाचे हात कधीच बांधून टाकले होते. ब्रिटनमध्ये राजा किंवा राणीनं पार्लमेंटच्या बिलाला नकार दिला तो शेवटचा १७०८ साली, अ‍ॅन राणीनं, त्यानंतर आजपर्यंत एकदाही नाही.

मग असा माणूस ठेवायचा कशाला? जगात आज ४३ देशांचा प्रमुख राजा किंवा राणी आहे (त्यातले १५ देश एकट्या ब्रिटनच्या राजा चार्ल्सचे), आणि ह्यातले बरेच देश चांगले शिकलेसवरलेले आहेत, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, जपान, नेदरलँड्स.

इथं थॉमस शेलिंग नावाचा अमेरिकन अर्थतज्ञ कामाला येतो, २००५ चं नोबेल मिळालं त्याला. त्यानं लोकांना एक साधा प्रश्न विचारला होता, तुम्हाला न्यूयॉर्कमध्ये एकाला भेटायचंय पण कुठं आणि किती वाजता हे ठरलेलं नाही आणि विचारायची सोय नाही, तर कुठं जाल? बऱ्याच जणांनी ग्रँड सेंट्रल स्टेशन म्हणून सांगितलं, आणि वेळ भर दुपारी १२ ची. ती जागा लई भारी म्हणून नव्हे, तर समोरचाही तिथंच येईल असं प्रत्येकाला वाटलं म्हणून. ह्याला फोकल पॉइंट म्हणतात. आपल्याकडं हा खेळ खेळलात तर निम्मे बिंदू चौकात जातील आणि निम्मे रंकाळ्यावर चौपाटीला, मग बसा हुडकत.

दसऱ्याच्या फैरी म्हणजे हेच. प्रत्येकाला माहीत असतं की बाकी सगळे त्याच आवाजाची वाट बघतायत. घटनात्मक राजा हा माझ्या मते देशाचा तसला आवाज आहे, एरवी गप्प असतो म्हणूनच वेळेला ऐकू येणारा.

सगळ्यात दणकेबाज उदाहरण स्पेनचं. २३ फेब्रुवारी १९८१, संध्याकाळी अंतोनियो तेहेरो नावाचा लेफ्टनंट कर्नल पिस्तूल घेऊन सुमारे २०० शिपायांसकट संसदेत घुसला, छताला गोळ्या मारल्या, खासदार बाकाखाली. तिकडं व्हॅलेन्सियात एका जनरलनं रणगाडे रस्त्यावर आणले. आता बाकीच्या जनरलांचं काय चाललं असेल? प्रत्येकजण दुसऱ्याकडं बघत बसलेला, हा उठला तर मी उठतो. अशा वेळी बंड यशस्वी होतं की फसतं हे बंदुकांपेक्षा बाकीचे काय करतील ह्या अंदाजावर ठरतं. राजा हुआन कार्लोसनं एकेका जनरलला फोन लावले, आणि रात्री सव्वाच्या सुमाराला लष्करी गणवेशात टीव्हीवर येऊन सांगितलं की राजसत्ता लोकशाही मोडू देणार नाही. झालं, सगळ्यांचा अंदाज एका झटक्यात एका बाजूला पडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंड संपलं. ह्याच माणसानं पुढं बोत्स्वानात हत्तींच्या शिकारी आणि पैशाच्या भानगडी करून सगळी कमाई घालवली, २०१४ ला गादी सोडली आणि २०२० ला अबुधाबीला जाऊन राहिला, तो भाग वेगळा. खरं तर वेगळा नाहीच, कारण लोकांनी बघायचं सोडलं की फोकल पॉइंट म्हणजे नुसता एक पेन्शनर.

दर वेळी असं नाट्य नसतं. बेल्जियममध्ये २०१०-११ ला ५४१ दिवस पूर्ण अधिकाराचं सरकारच नव्हतं, तेव्हा राजा दुसरा आल्बर्ट पुढाऱ्यांना आळीपाळीनं बोलावून ह्याच्याशी बोल, त्याच्याशी बोल करत बसला. मलेशियात तर नऊ सुलतान घराण्यांत दर पाच वर्षांनी राजेपद फिरतं, आपल्या तरुण मंडळाचं अध्यक्षपद फिरतं तसं, फक्त भांडणं कमी.

पण गप्प बसायची किंमत लई मोठी. चार्ल्सकडं सरकारी कागदांची लाल पेटी जवळपास रोज येते, वाचायची, सही करायची. पंतप्रधान आठवड्याला भेटायला येतो, त्या बोलण्याची नोंदसुद्धा ठेवत नाहीत. वॉल्टर बॅजट नावाच्या पत्रकारानं १८६७ लाच लिहून ठेवलंय की राजाला तीन हक्क, सल्ला विचारला जाण्याचा, प्रोत्साहन देण्याचा आणि इशारा देण्याचा. नाही म्हणायचा हक्क त्यात नाही. २०१९ ला पंतप्रधानाच्या सल्ल्यानं एलिझाबेथ राणीनं पार्लमेंट स्थगित केली आणि सुप्रीम कोर्टानं ते बेकायदा ठरवलं, राणीला ना तेव्हा नकार देता आला ना नंतर खुलासा करता आला. बेल्जियमच्या बोदुआँ राजाला १९९० मध्ये गर्भपाताच्या कायद्यावर सही करणं मनाला पटेना, तर मंत्रिमंडळानं त्याला राज्य करायला असमर्थ ठरवलं, राजाच्या जागी मंत्र्यांनीच कायद्यावर सह्या केल्या, आणि दुसऱ्या दिवशी संसदेनं राजाला परत गादीवर बसवलं! जपानच्या अकिहितोंना म्हातारपणी निवृत्त व्हायचं होतं, त्यासाठी २०१७ ला खास कायदा करावा लागला, मग कुठं ३० एप्रिल २०१९ ला सुटका. गोबी जातीच्या माशांवर शोधनिबंध लिहिलेला माणूस तो, मला वाटतं तेवढंच काय ते त्यांचं स्वतःचं म्हणता येईल असं.

आणि हे सगळं परक्यांचं म्हणून सोडूनही देता येत नाही. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हा कायद्यानं भारताचा राजा होता सहावा जॉर्ज, २६ जानेवारी १९५० पर्यंत. त्याच्या जागी राष्ट्रपती बसवताना डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत सरळ सांगितलं की ह्याचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं, तो राष्ट्राचं प्रतिनिधित्व करेल पण राष्ट्रावर राज्य करणार नाही, राष्ट्राचे निर्णय ज्यानं जाहीर होतात तो शिक्का. हे सांगणाऱ्या आंबेडकरांना १९२० च्या माणगाव परिषदेत शाहू महाराजांनी, म्हणजे हुकूम काढणाऱ्या राजानं, लोकांसमोर तुमचा पुढारी म्हणून उभं केलं होतं.

चार्ल्स रिवाज म्हणून मत देत नाही, जपानच्या सम्राटाला मतच नाही. आपले आत्ताचे शाहू छत्रपती मात्र २०२४ ला लोकसभेला उभे राहिले, मतं मागितली आणि खासदार झाले, म्हणजे निम्म्या गावाच्या बाजूचे आणि निम्म्याच्या विरोधातले झाले. दसऱ्याला मात्र त्यांना मत दिलेले आणि पाडायला निघालेले एकाच ढिगाभोवती उभे असतात, चपला घट्ट करून, फैरी कधी झडतायत त्याची वाट बघत.