'फिअटल ड्राय' आणि 'फिअटल नाख ड्राय': एका तासाचा फरक

जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात, म्युनिकमध्ये कुणी 'फिअटल ड्राय'ला भेटायचं ठरवलं, तर सव्वातीनला जाऊ नका. तोवर समोरचा माणूस तासभर वाट पाहून निघून गेलेला असेल. फिअटल म्हणजे पाव, ड्राय म्हणजे तीन, पण वेळ सव्वादोनची. सव्वातीन हवे असतील तर 'फिअटल नाख ड्राय' म्हणावं लागतं, तीननंतर पाव. मधला 'नाख' कानातून निसटला की अख्खा तास चुकतो.

बव्हेरियन माणूस तास मोजतो तो चालू असलेला. दोन वाजले की तिसरा तास लागला. त्याचा पाव भाग सरला की फिअटल ड्राय (२.१५), अर्धा सरला की हाल्ब ड्राय (२.३०), पाऊण सरला की ड्रायफिअटल ड्राय (२.४५). पुस्तकी जर्मनमध्ये सव्वादोन म्हणजे 'दोननंतर पाव' आणि पावणेतीन म्हणजे 'तीनच्या आधी पाव'. मधले अडीच मात्र तिथेही हाल्ब ड्रायच. मला बव्हेरियन मोजणी जास्त सरळ वाटते. तास एकाच दिशेने भरत जातो, मागे-पुढे बघावं लागत नाही.

मराठी माणसाला हे फार परकं वाटू नये. आपलं 'अडीच' संस्कृत 'अर्धतृतीय'वरून आलं, म्हणजे तिसरा अर्धा. हाल्ब ड्रायचा हिशेब अगदी हाच. 'पावणेतीन'मध्येही तीन आहेच, फक्त आपण तिनातून पाव वजा करतो आणि ते तिसऱ्या तासाचा पाऊण भाग मोजतात. घोटाळा होतो तो सव्वालाच, कारण सव्वादोनमध्ये आपल्याला दोन ऐकायची सवय असते.

ही पद्धत एकट्या बव्हेरियाची नाही, सॅक्सनी आणि बर्लिनकडेही ती चालते. बव्हेरियन बोलीची आणखी एक खूण: चारपासून बारापर्यंतचे आकडे एकटे आले की शेवटी 'ए' लागतो. फिअर (चार), फिम्फ (पाच) यांचं फिअरे, फिम्फे होतं. पुढे नाम आलं की तो 'ए' जातो. म्हणून सव्वाचारला तिथे 'फिअटल फिम्फे' ऐकू येतं.

रेल्वेच्या वेळापत्रकात हा प्रश्नच नसतो, तिथे १४.१५ असंच छापतात. तोंडी वेळ ठरवताना शंका आली तर तुम्हीही चोवीस तासांच्या हिशेबात 'चौदा पंधरा?' असं विचारून घ्या.