उपग्रहीय स्थाननिश्चितीविना सागरी रेडिओ

जीपीएससारख्या उपग्रहीय यंत्रणेची जोड नसलेल्या नौकेवर सागरी रेडिओचा, मुख्यतः व्हीएचएफ (अति उच्च कंप्रतेच्या) संचाचा, केला जाणारा वापर. बोलणे व ऐकणे यांसाठी संचाला उपग्रहाची गरज नसते. अडचण येते ती नौका नेमकी कोठे आहे हे दुसऱ्याला कळवताना, आणि त्यामुळे अशा नौकेवर रेडिओ हाताळणाऱ्याला नकाशा व होकायंत्रही हाताळता यावे लागते.

सागरी व्हीएचएफ पट्टा सुमारे १५६ ते १६२ मेगाहर्ट्‌झ दरम्यान आहे. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने पल्ला शक्तीपेक्षा अँटेनाच्या उंचीवर ठरतो. मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला २.२ ने गुणले की रेडिओ क्षितिजाचे अंतर सागरी मैलांत मिळते. दोन्ही टोकांच्या अँटेनांची अशी अंतरे मिळवली की संपर्काचा पल्ला कळतो. म्हणजे ४ मीटर उंचीच्या अँटेना असलेल्या दोन नौकांचा संपर्क सुमारे ९ मैलांपर्यंत होतो, तर १०० मीटर उंचीवरील किनारी केंद्राशी तो २६ मैलांपर्यंत होऊ शकतो. बसवलेल्या संचाची शक्ती २५ वॅटपर्यंत असते. हाती धरायच्या संचाची ती बरीच कमी असते.

जागतिक सागरी संकट व सुरक्षा यंत्रणा १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे लागू झाली. तिच्यातील डीएससी, म्हणजे अंकीय संकेतांनी हाक देण्याच्या, पद्धतीत झाकणाखालचे लाल बटण काही सेकंद दाबून धरले, की चॅनेल ७० वरून नौकेचा नऊ अंकी ओळखक्रमांक आणि स्थान आपोआप प्रसारित होते. स्थानदर्शक जोडलेला नसेल तर अक्षांश, रेखांश व वेळ हाताने भराव्या लागतात. त्या न भरल्यास इशारा जातोच, पण स्थानाच्या जागी नुसते नऊचे अंक जातात. सोलास या समुद्रावरील जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, ज्या जहाजांना तो लागू आहे त्यांनी चालू प्रवासात हे स्थान जास्तीत जास्त दर ४ तासांनी बदलले पाहिजे. लहान नौकेने त्याहून लवकर बदलावे, कारण कोरी जागा पाहून शोध घेणारे निदान चौकशी तरी करतात, शिळ्या स्थानावर मात्र ते विश्वास ठेवतात.

डीएससी इशाऱ्यानंतर चॅनेल १६ वर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्‌झवर, तोंडी संदेश द्यायचा असतो : तीनदा ‘मेडे’ हा संकटाचा शब्द, तीनदा नौकेचे नाव, मग स्थान, संकटाचे स्वरूप, हवी असलेली मदत आणि माणसांची संख्या. अक्षांश-रेखांश ठाऊक नसतील तर ओळखीच्या खुणेपासूनची दिशा व अंतर सांगतात, आणि घोटाळा होतो तो नेमका येथे. नौकेवरून होकायंत्राने पाहता दीपस्तंभ ६० अंशांवर दिसत असेल, तर संदेशात ‘दीपस्तंभापासून २४० अंशांवर, ६ मैल’ असे सांगावे लागते, कारण दिशा खुणेपासून नौकेकडे मोजली जाते. हे १८० अंश मिळवायचे राहिले, तर शोध दीपस्तंभाच्या पलीकडे, नौकेपासून १२ मैल दूर सुरू होईल. होकायंत्राचा आकडा चुंबकीय असल्यामुळे स्थानिक दिक्पाताची (चुंबकीय व खरी उत्तर यांतील कोनाची) दुरुस्ती करून खरी दिशा देणे अपेक्षित असते.

दोन-तीन खुणांच्या दिशारेषा नकाशावर जेथे छेदतात ते स्थान सर्वांत भरवशाचे. किनारा दिसेनासा झाला की शेवटच्या खात्रीच्या स्थानापासून वेग, वेळ व दिशा यांवरून अंदाज बांधावा लागतो. त्यात प्रवाह धरला नाही तर चूक झपाट्याने वाढते, कारण ताशी २ मैलांचा प्रवाह दोन तासांत नौकेला ४ मैल बाजूला नेतो. १९१२ मध्ये टायटॅनिकने बिनतारी संदेशाने कळवलेले स्थान असेच गणिताने काढलेले होते. १९८५ मध्ये अवशेष सापडले ते त्याच्या पूर्वेस सुमारे १३ सागरी मैलांवर. मदतीला निघालेले जहाज कार्पेथिया आग्नेयेकडून येत असल्याने तिला जीवरक्षक होड्या वाटेतच भेटल्या, हा योगायोगच म्हणायचा. यासाठी स्थानासोबत ते कोणत्या वेळचे आहे आणि पाहून ठरवलेले आहे की अंदाजाने, हेही सांगावे.

कोणतेच स्थान सांगता आले नाही तरी नौकेचे प्रसारण स्वतःच दिशा दाखवू शकते. अनेक बचाव नौका, हेलिकॉप्टरे व काही किनारी केंद्रे यांच्याकडे रेडिओ दिशाशोधक असतो. ते सांगतील तेव्हा बटण दाबून ठेवून सावकाश आकडे मोजत राहावे, म्हणजे संकेत पुरेसा वेळ मिळतो. एका शोधकाला केवळ दिशा कळते. परस्परांपासून दूर असलेल्या दोन शोधकांच्या दिशारेषा छेदल्या, की नौकेचे स्थान नकाशावर येते.