दंतवैद्यांचा भूल-परवाना (कॅलिफोर्निया)

दातांच्या दवाखान्यात रुग्णाला गाढ गुंगी किंवा संपूर्ण भूल द्यायची असेल, तर दंतवैद्याला व्यवसायाच्या नोंदणीखेरीज जो स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो, त्याला भूल-परवाना म्हणता येईल. अमेरिकेत असे परवाने त्या त्या राज्याचे दंतमंडळ देते आणि राज्यागणिक नियम बदलतात. येथे कॅलिफोर्नियातील व्यवस्थेचा विचार केला आहे. सहा वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूनंतर तिथले नियम मुळापासून तपासले गेले आणि १ जानेवारी २०२२ पासून नव्या स्वरूपात लागू झाले.

दंतवैद्याने स्वतः भूल देण्याची अमेरिकेतील परंपरा भूलशास्त्राइतकीच जुनी आहे. हार्टफर्डचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या रुग्णालयात ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक करणारे विल्यम मॉर्टन हेही दंतवैद्यच होते. पुढे जबड्याच्या शल्यचिकित्सकांच्या प्रशिक्षणात भूलशास्त्राला कायमचे स्थान मिळाले, आणि एकाच व्यक्तीने भूलही द्यायची व अक्कलदाढही काढायची, ही पद्धत रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र संपूर्ण भूल देण्यासाठी वेगळा भूलतज्ज्ञ बोलावण्याचा प्रघात असल्याने, ही पद्धत आपल्याकडच्या वाचकाला अनोळखी वाटण्याचा संभव आहे.

कायदा गुंगीच्या पायऱ्या रुग्णाच्या प्रतिसादावरून ठरवतो. मध्यम गुंगीत रुग्ण हाक मारल्यावर किंवा हलकेच स्पर्श केल्यावर प्रतिसाद देतो आणि त्याचा श्वास आपोआप चालू राहतो. गाढ गुंगीत तो सहज जागा होत नाही. वारंवार किंवा वेदना होईल असे चाळवल्यावरच हेतुपूर्वक प्रतिसाद देतो, आणि श्वसनमार्ग मोकळा ठेवण्यासाठी त्याला मदत लागू शकते. संपूर्ण भुलीत वेदनेनेही तो जागा होत नाही. प्रत्यक्षात या पायऱ्यांमध्ये भिंत नसते. प्रोपोफॉलसारखे औषध थोडे अधिक गेले, तर मिनिटाच्या आत रुग्ण एका पायरीवरून खालच्या पायरीवर घसरतो. म्हणूनच मध्यम गुंगीसाठी वापरायची औषधे, नकळत शुद्ध हरपण्याची शक्यता फार कमी राहील इतकी सुरक्षित मर्यादा असलेली हवीत, असे कायदा सांगतो. त्यापलीकडे जाणाऱ्याने वरचा परवाना घेतलाच पाहिजे.

हा परवाना मिळवण्यासाठी भूलशास्त्रातील किमान एक वर्षाचे मान्यताप्राप्त निवासी प्रशिक्षण, किंवा मुख व जबडा शल्यचिकित्सेचे मान्यताप्राप्त निवासी प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे लागते. दवाखान्याची प्रत्यक्ष तपासणी होते. ऑक्सिजन दाबाने देण्याची सोय, वीज गेल्यावरही चालणारा दिवा व शोषणयंत्र, हृदयाला विद्युतधक्का देणारे उपकरण आणि आणीबाणीची औषधे हे सर्व जागेवर आहे की नाही, हे पाहिले जाते. परीक्षक खऱ्या रुग्णावरील काम पाहतात, शिवाय स्वरयंत्र आवळले जाणे, हृदय बंद पडणे, औषधाची तीव्र ॲलर्जी अशा प्रसंगांचा सराव करवून घेतात. ही तपासणी पाच वर्षांतून किमान एकदा होते. परवाना दर दोन वर्षांनी नूतनित करावा लागतो आणि त्यासाठी २४ तासांचे संबंधित शिक्षण पूर्ण करावे लागते. डॉक्टर असलेल्या भूलतज्ज्ञालाही दंतवैद्याच्या दवाखान्यात भूल द्यायची असेल, तर दंतमंडळाचा परवाना घ्यावाच लागतो.

मुलांसंबंधीचे नियम अधिक कडक आहेत आणि या व्यवस्थेचा गाभा तेथेच आहे. लहान मुलाच्या फुप्फुसांत ऑक्सिजनचा साठा थोडा असतो आणि शरीर तो झपाट्याने वापरते. श्वास थांबल्यानंतर सावरायला मोठ्या माणसापेक्षा खूपच कमी वेळ मिळतो. त्यातच दंतवैद्याचे काम तोंडातच चालते. रक्त, पाणी, कापसाचे बोळे आणि निसटलेला दात हे सारे श्वासाच्या वाटेवरच असते. मार्च २०१५ मध्ये दात काढताना दिलेल्या भुलीनंतर सहा वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा ‘कॅलेबचा कायदा’ २०१६ मध्ये संमत झाला आणि दंतमंडळाला बालरुग्णांच्या भुलीच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणे भाग पडले. त्या चर्चेतून २०१८ मध्ये सिनेट विधेयक ५०१ संमत झाले.

त्यानुसार सात वर्षांखालील मुलांसाठी परवान्यावर वेगळी बालरुग्ण-मान्यता घ्यावी लागते. अर्जापूर्वीच्या २४ महिन्यांत या वयाच्या किमान २० मुलांना गाढ गुंगी किंवा संपूर्ण भूल दिल्याचा पुरावा आणि बालकांच्या प्रगत जीवरक्षणाचे चालू प्रमाणपत्र त्यासाठी लागते. तेरा वर्षांखालील मुलावर उपचार चालू असताना दंतवैद्याखेरीज किमान दोन व्यक्ती खोलीत पूर्णवेळ हव्यात. दंतवैद्य स्वतःच भूल देत असेल, तर त्या दोघांपैकी एकाकडे जीवरक्षणाचे प्रमाणपत्र असलेच पाहिजे, आणि त्याने रुग्णावर लक्ष ठेवण्यापलीकडे दुसरे काहीही करायचे नाही.

या अटीचे मोल कॅप्नोग्राफच्या पडद्याकडे पाहिल्यावर कळते. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या या यंत्रावर प्रत्येक श्वासागणिक एक लाट उमटते. श्वास अडला की लाट लगेच सपाट होते. पण नाकातून ऑक्सिजन चालू असेल, तर बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९९ हा आकडा त्यानंतरही काही काळ तसाच दिसत राहतो. मुळाशी अडकलेली दाढ सोडवण्यात गुंतलेल्या माणसाने तोच आकडा पाहिला, तर मधला मोलाचा वेळ वाया जातो.

वेगळा भूलतज्ज्ञ सक्तीचा करावा, ही बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांच्या संघटनांची मागणी मात्र कायद्याने मान्य केली नाही. खर्च वाढेल आणि गरीब मुलांचे उपचार रखडतील, असे जबड्याच्या शल्यचिकित्सकांचे म्हणणे होते. ते निराधार नाही. तरीही केवळ लक्ष ठेवणारा सहायक आणि भूल देण्यात प्रशिक्षित डॉक्टर यांत फार अंतर आहे, आणि कायद्याने येथे तडजोड केली, असेच म्हणावे लागते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ व बालदंतवैद्य यांच्या संघटनांनी २०१९ मध्ये संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे सुधारताना गाढ गुंगीसाठी स्वतंत्र भूलदात्याची अपेक्षा स्पष्टपणे मांडली. त्याच वर्षी दंतभूलशास्त्राला अमेरिकेत स्वतंत्र विशेषशाखा म्हणून मान्यताही मिळाली.

रुग्णालये आणि मान्यताप्राप्त शस्त्रक्रियाकेंद्रे या परवान्याच्या कक्षेबाहेर आहेत, कारण तेथे त्यांचे स्वतःचे नियम लागू असतात. भारतात पदवी घेऊन नंतर अमेरिकेतील पदवी व नोंदणी मिळवलेल्या दंतवैद्यांनाही निव्वळ नोंदणीच्या बळावर भूल देता येत नाही. उपचारानंतर रुग्ण दगावला किंवा त्याला रुग्णालयात हलवावे लागले, तर दंतवैद्याने सात दिवसांत मंडळाला लेखी कळवायचे असते. परवान्याच्या अटींचा भंग झाल्यास परवाना, नोंदणी किंवा दोन्ही रद्द होऊ शकतात.