पगार भागिले १७६ म्हणजे तासाचा दर नव्हे

नोकरी सोडून फ्रीलान्स डिझाइन सुरू करणाऱ्याला हमखास एक हिशेब सांगितला जातो: पगार ४०,००० होता ना, मग २२ दिवस, रोज ८ तास, म्हणजे १७६ तास, दर झाला २२७ रुपये. हा हिशेब चूक आहे आणि त्यापायी चांगले डिझायनर वर्षभर राबून कंगाल होतात.

चूक आहे भाजकात. आठही तासांचं बिल होत नाही. कोटेशन पाठवणं, ‘लोगो जरा मोठा करा’चे फोन, थकलेल्या पैशांचा पाठपुरावा, नवं काम शोधणं, याचे पैसे कोण देतं? माझ्या दिवसात बिलाचे तास जेमतेम ५ भरतात. वर्षाचे कामाचे दिवस २६०. सण, आजारपण, सुट्ट्या वगळून २२५. म्हणजे १,१२५ तास.

आता भाज्य. वर्षाचा पगार ४,८०,०००. त्यात लॅपटॉपचा घसारा (वापराने घटणारी किंमत) ३०,०००, सॉफ्टवेअर ४०,०००, वीज-इंटरनेट २४,०००, आरोग्यविमा २०,०००. शिवाय मालक भरत होता तो पीएफ: मूळ वेतन २०,००० धरलं तर १२ टक्क्यांनी वर्षाला २८,८००. बेरीज ६,२२,८००. भागा. ५५४ रुपये येतात, आणि हा नफा नव्हे, फक्त जुन्या पगाराची बरोबरी आहे. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच.

क्लायंट १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आगाऊ आयकर) कापतो म्हणून दर तेवढा चढवा, असंही सांगतात. गरज नाही. तो तुमच्याच नावावर जमा होतो आणि रिटर्न भरताना करातून वळता होतो.