निकाल आणि वाटचाल: नीतिमान ठरणे व पवित्रीकरण यांत घोळ कुठे होतो

प्रभुभोजनाच्या रविवारी काही जण भाकर-प्याला न घेताच बसून राहतात. या आठवड्यात चुकलो, म्हणजे आपण लायक नाही, असा त्यांचा हिशेब. उलट काही जण बिनधास्त असतात: क्षमा झालेलीच आहे, मग सवय सोडायची घाई कशाला? दोघांची चूक एकाच ठिकाणी आहे. नीतिमान ठरणे (देवाने माणसाला निर्दोष ठरवणे) आणि पवित्रीकरण (जगणे हळूहळू पवित्र होत जाणे) ही दोन कामे त्यांनी एकात एक कालवलेली असतात.

नीतिमान ठरणे हा निकाल आहे. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौलाने त्यासाठी जमाखर्चातला शब्द वापरला आहे: गणणे. मूळ ग्रीकमध्ये तो त्या एका अध्यायात 11 वेळा येतो. ख्रिस्ताचे नीतिमत्त्व विश्वास ठेवणाऱ्याच्या खाती जमा धरले जाते, आणि तेही एकदाच व पूर्ण. त्यात कमी-जास्त होत नाही. काल विश्वास ठेवलेला आणि 40 वर्षांचा जुना सभासद इथे अगदी सारखे.

पवित्रीकरण ही वाटचाल आहे. रोमकरांस पत्राचे 6 ते 8 हे अध्याय मुख्यतः तिच्याबद्दल आहेत. ती माणसागणिक वेगळी असते, अडखळते, आणि मरेपर्यंत संपत नाही.

सोलापुरात हे समजायला सेटलमेंट, म्हणजे इंग्रजांच्या काळातली 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींची बंदिस्त वसाहत, आठवावी. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. इथे त्यांना तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेतली जाई. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला आणि ते विमुक्त झाले. अर्धे नाही, पुरते. पण हजेरीची धास्ती, लोकांची नजर, पोटापाण्याचा प्रश्न त्या एका तारखेने सुटला नाही. (उदाहरण इथेच थांबवायला हवे. त्यांच्यावरचा शिक्का मुळातच अन्यायाचा होता. रोमकरांस पत्रातला आरोप मात्र खरा आहे. तरी आरोपी सुटतो, कारण शिक्षा ख्रिस्ताने भोगली. कृपा म्हणतात ती हीच.)

निकाल वाटचालीवर टांगला, की तारणाची खात्री दर आठवड्याला वर-खाली होते. प्रार्थना चांगली झाली तर देव जवळ, रागाने तोंड सुटले की दूर. अशाने पाप सुटत नाही, लपवले जाते. भोजनाला न जाणाऱ्यांनी 1 करिंथ 11:28 शेवटपर्यंत वाचावे: स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावे. परीक्षा मेजाकडे येण्यासाठी आहे.

बिनधास्त मंडळींना उत्तर रोमकरांस 6:1-2 मध्येच मिळते. कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय? मुळीच नाही, कारण मालक बदलला आहे. त्यापुढे पौल तीन गोष्टी क्रमाने सांगतो: जुना मनुष्य वधस्तंभावर खिळला गेला हे जाणा (6:6), स्वतःला पापाला मेलेले माना (6:11), आणि आपले अवयव देवाला समर्पण करा (6:13). बरेच जण थेट तिसरी पायरी गाठतात, शपथा घेतात आणि चार दिवसांत मोडतात. पहिल्या दोन पायऱ्यांशिवाय तिसरी म्हणजे नुसता निग्रह.

कॅथलिक शिकवणीत मांडणी वेगळी आहे. ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये नीतिमान ठरण्यातच अंतःकरणाचे नवीकरण धरले. म्हणून कॅथलिक शेजाऱ्याशी बोलताना शब्द एकच असला, तरी अर्थ आधी विचारून घ्यावा.

प्रत्यक्ष पडल्यावर काय करायचे? पापाचे नाव घेऊन कबुली द्यावी (1 योहान 1:9). 'काही चुकले असेल तर' असे मोघम नको. कोणाचे पैसे बुडवले असतील तर ते परत करावेत. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने चौपट देऊ केले होते. क्षमा झाली म्हणून उधारी फिटत नाही. इफिसकरांस 4:28 चोराला तीन कामे सांगते: चोरी थांबव, आपल्या हातांनी कष्ट कर, आणि गरजवंताला दे. पहिल्यावरच थांबणारा रिकाम्या हातांनी बसतो, आणि रिकाम्या हातांना जुनी सवय लवकर सापडते.