जैव-शौचालय (रेल्वे)

प्रवासी डब्याच्या तळाशी बसवलेल्या टाकीत मैला जिवाणूंकरवी कुजवून, उरलेले पाणी क्लोरिनमधून काढून रुळांवर सोडणारी शौचालय-व्यवस्था. हे जिवाणू ऑक्सिजनशिवाय जगणारे असतात. भारतीय रेल्वे आणि संरक्षण संशोधन व विकास संघटना (डीआरडीओ) यांनी मिळून ती विकसित केली. जिवाणूंवरचे मूळ काम डीआरडीओच्या ग्वाल्हेर येथील प्रयोगशाळेतले असून ते अतिथंड, उंच ठाण्यांवरच्या जवानांची सोय डोळ्यांसमोर ठेवून सुरू झाले होते. अशी शौचालये असलेली पहिली गाडी म्हणजे ग्वाल्हेर-वाराणसी बुंदेलखंड एक्सप्रेस (जानेवारी २०११). पुढच्या दहा वर्षांत सुमारे ७३ हजार डब्यांत अडीच लाखांहून अधिक जैव-शौचालये बसली.

पार्श्वभूमी : भारतात रेल्वे सुरू झाल्यावर कित्येक दशके खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचालयच नव्हते. १९०९ साली ओखिल चंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला लिहिलेले तक्रारीचे पत्र दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयामुळे प्रसिद्ध झाले. फणस जास्त झाल्याने सेनबाबू अहमदपूर स्थानकावर उतरले, तेवढ्यात गार्डने शिट्टी दिली, आणि एका हातात लोटा व दुसऱ्या हातात धोतर धरून त्यांना फलाटावर धावावे लागले. पुढे डब्यात शौचालय आले ते भोकाचे : भांड्याखाली सरळ नळी आणि नळीखाली रूळ. ‘गाडी स्थानकात उभी असताना शौचालयाचा वापर करू नये’ ही पाटी त्यामुळेच आली. ती किती पाळली जात होती, हे सकाळी फलाटावर उभे राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. मोठ्या स्थानकांत खडीऐवजी काँक्रीटचा धुता येण्याजोगा तळ आणि मधोमध गटार करावे लागले ते याचसाठी.

रुळांची झीज : हा प्रश्न अस्वच्छतेचा म्हणून सर्वांना माहीत आहे. रेल्वेमार्गाच्या अभियंत्याला तो गंजाचा म्हणून जास्त छळतो. रूळ त्याच्याखालच्या आडव्या स्लीपरला लोखंडी क्लिपने आवळलेला असतो आणि क्लिप व रुळाचा पाया यांच्यामध्ये लायनर नावाची पट्टी असते. मैला आणि मूत्र यांतील क्षार पाण्याबरोबर या पट्टीखाली शिरतात. तिथे ऊन-वारा पोचत नाही, ओल टिकते आणि रुळाच्या पायाची कड आतून खाल्ली जाते. रेल्वेत याला लायनरने रूळ ‘चावणे’ म्हणतात. वरून रूळ चकचकीत दिसतो. पट्टी काढल्यावरच तिच्या आकाराचा खड्डा नजरेस पडतो.

गोष्ट इथे थांबत नाही. रुळातील भेगा शोधणारे ध्वनिलहरींचे यंत्र रुळाच्या माथ्यावरून चालते. त्याच्या लहरी माथा आणि मधला उभा भाग तपासत सरळ खाली जातात. पायाच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या कडा त्यांच्या वाटेत येत नाहीत, म्हणजे गंज जिथे सर्वांत जास्त तिथेच यंत्राची नजर कमी. त्यात लांब सांधलेले रूळ थंडीत आकसू पाहतात आणि आकसता न आल्याने ताणले जातात. हिवाळ्यातल्या पहाटे हा ताण सर्वाधिक असतो. पायाच्या कडेला पडलेला खड्डा तेव्हा भेग सुरू होण्याची जागा ठरतो. क्लिपही गंजून बसकणीत घट्ट अडकतात, कीमनच्या, म्हणजे रूळ तपासत फिरणाऱ्या कामगाराच्या, हातोड्याने हलत नाहीत आणि निघाल्या तर पकड ढिली झालेली असते. ग्रीस भरणे, पायाला रंग किंवा डांबरी लेप देणे हे उपाय वर्षानुवर्षे चालू होते. पण वरून रोज नवे क्षार पडत असताना त्यांचे आयुष्य ते किती असणार? डब्याच्या सांगाड्यालाही शौचालयाखालच्या भागात सर्वांत आधी गंज धरतो, तो याच कारणाने.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा आढावा समितीने फेब्रुवारी २०१२ च्या अहवालात शौचालयांचा प्रश्न सुरक्षेच्या यादीत घातला. रूळ आणि त्यांची जोडसामग्री गंजते, खाली काम करणाऱ्या माणसांना घाणीत काम करावे लागते, म्हणून सुमारे ४३ हजार डब्यांतील थेट विसर्ग पाच वर्षांत बंद करावा, अशी तिची शिफारस होती. पुढच्याच वर्षी हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा कायदा (२०१३) आला. त्यातील ‘हाताने मैला उचलणारा’ या संज्ञेच्या व्याख्येत रेल्वेमार्गाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच कायद्यात रेल्वे डब्यातील पाण्याच्या शौचालयाला मात्र, ते ठरवून दिलेल्या साधनांनी व संरक्षक पोशाखात साफ केले जात असेल तर, ‘अस्वच्छ शौचालया’तून वगळले आहे. ही पळवाट कागदावर निरुपद्रवी वाटते. रुळांवर झाडू घेऊन उतरणाऱ्याला पोशाख किती वेळा मिळाला, हा प्रश्न तिने सुटत नाही.

अन्य पर्याय : मैला टाकीत साठवून ठराविक स्थानकांवर पंपाने उपसणे ही पद्धत अनेक देशांत चालते. भारतात अंतरे आडवी आली. दिब्रुगड-कन्याकुमारी विवेक एक्सप्रेस तीन दिवसांहून अधिक धावते. अशा गाडीला वाटेत उपसा करायचा तर ठिकठिकाणी यंत्रणा, मलवाहिन्या आणि थांब्याचा वेळ हवा. दुसरा उपाय एलएचबी या नव्या बनावटीच्या सुरुवातीच्या डब्यांत होता. त्यात मैला साठतो आणि गाडीचा वेग ताशी ३० किमीपेक्षा जास्त झाल्यावर, फ्लशची ठराविक संख्या भरली की झडप उघडते. यामुळे स्थानके स्वच्छ राहिली, रूळ नव्हे. घाण गावाबाहेर नेऊन टाकण्याचाच हा यांत्रिक प्रकार.

रचना व प्रक्रिया : भांड्याखाली वळणदार नळी असते. तिच्यात पाणी साचून राहते आणि टाकीतला वास वर येऊ देत नाही. त्याखाली हाताने फिरवायची गोल झडप आणि मग स्टेनलेस स्टीलची टाकी. टाकीत आडभिंती घालून कप्पे केलेले असतात, म्हणजे मैला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरळ न जाता वर-खाली वळसे घेत जातो आणि जास्त वेळ आत राहतो. जिवाणूंना चिकटून राहायला आत जाळीदार पृष्ठभाग दिलेला असतो, नाहीतर पाण्याच्या प्रत्येक लोंढ्याबरोबर तेच वाहून जातील. शेवटी क्लोरिनचा कप्पा.

आत चालते ते गोबरगॅसच्या टाकीत चालते तेच. काही जिवाणू घन पदार्थ फोडतात, काही त्यांची आम्ले करतात आणि शेवटचे त्या आम्लांचे मिथेन व कार्बन डायऑक्साइड करतात. फरक दोन. गोठ्यामागच्या टाकीत शेण महिना-दीड महिना राहते, डब्याखालच्या टाकीला एवढी सवड नसते. आणि गोबरगॅस चुलीला जातो, तर इथला मिथेन हवेत. आम्ल करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात, मिथेन करणारे हळू. भार एकदम वाढला की आम्ल साचते, टाकी ‘आंबते’ आणि मिथेनचे जिवाणू मान टाकतात. जुन्या बनावटीच्या स्लीपर डब्यात ७२ बर्थांना चार शौचालये म्हणजे एकेकाला १८ माणसे. अनारक्षित डब्यात सणासुदीला हा हिशोब करण्यात अर्थ नाही. टाकीत भरायचे जिवाणूंचे विरजण रेल्वेला नियमित लागते. ते नागपूरच्या मोतीबाग कार्यशाळेतही तयार केले जाते.

बिघाड : जिवाणूंची चर्चा फार झाली, पण शौचालय बंद पडते ते बहुतेक वेळा जिवाणूंपर्यंत काही पोचण्याआधीच, नळीच्या वळणात. जुन्या सरळ नळीत टाकलेली कोणतीही वस्तू रुळावर जाऊन पडत असे, आणि प्रवाशांच्या तीन-चार पिढ्यांचा हात त्याला सवकलेला. पाण्याची बाटली, गुटख्याच्या पुड्या, चहाचे कप, बाळाचे लंगोट, सॅनिटरी पॅड, चिंध्या हे सारे आता वळणात अडकते. महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालानुसार तपासलेल्या २५,०८० जैव-शौचालयांबाबत २०१६-१७ या एका वर्षात १,९९,६८९ तक्रारी होत्या आणि त्यांतल्या १,०२,७९२, म्हणजे निम्म्याहून जास्त, तुंबण्याच्या होत्या. उरलेल्यांत वास, झडपेचा बिघाड, नसलेली कचराकुंडी आणि नसलेला मग यांचाही मोठा वाटा होता. मग आणि कुंडी या किरकोळ वस्तू नव्हेत. मग नसला की प्रवासी बाटली घेऊन जातो, आणि कुंडी नसली की ती बाटली भांड्यात.

तुंबलेले शौचालय मोकळे करताना पिट लाइनवरचा (डब्याखाली उतरून देखभाल करता येते अशा मार्गावरचा) कर्मचारी आकड्याने अडकलेली वस्तू ओढून काढतो. ते जमले नाही तर झडप फिरवून अडलेला माल टाकीला वळसा देत खाली सोडला जातो. काम झाल्यावर झडप पूर्ववत करायची राहिली, तर मैला पुन्हा थेट रुळावर पडू लागतो. वर पाटी मात्र जैव-शौचालयाची. दुसरी नेहमीची चूक सफाईची : तीव्र आम्ल, ब्लीचिंग पावडर किंवा भरपूर फिनेल ओतले की भांडे उजळते आणि टाकीतले जिवाणू मरतात. मग टाकी रिकामी करून नव्याने विरजण भरण्याशिवाय इलाज नसतो. डब्यातले पाणी संपले तरी वळणातला पाण्याचा पडदा नाहीसा होऊन दुर्गंधी वर येते आणि दोष टाकीला लागतो.

पुढे वळणाचा आकार बदलला, नळीला हवा जाण्यासाठी वाट दिली, कुंड्या डब्याच्या भिंतीला पक्क्या बसवल्या. टाकीतून बाहेर पडणारे पाणी खरोखर किती शुद्ध असते, याबद्दल मात्र मतभेद राहिले. आयआयटी मद्रासच्या अभ्यासकांनी ही टाकी साध्या सेप्टिक टँकपेक्षा फार वेगळे काम करत नसल्याचा आक्षेप घेतला. रेल्वे आपल्या चाचण्यांकडे बोट दाखवते. रुळाच्या दृष्टीने पाहिले तर पातळ पाणी पडणे हे घट्ट मैला पडण्यापेक्षा कितीतरी बरे, एवढे तरी वादातीत आहे. रामेश्वरम-मानामदुराई हा ११४ किमीचा पट्टा जुलै २०१६ मध्ये थेट विसर्गापासून मुक्त झालेला पहिला मार्ग ठरला.

निर्वात प्रकार : मुंबई-गोवा तेजस एक्सप्रेस (२०१७) आणि नंतरच्या वंदे भारत गाड्यांत विमानासारखे निर्वात भांडे आणि खाली जैव-टाकी अशी जोडणी आहे. हवेच्या ओढीने मैला खेचला जात असल्याने एका वेळी अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी पुरते. पाणी कमी गेल्याने टाकीतला माल जास्त वेळ कुजतो, म्हणजे मूळ रचनेची अडचण इथे आपसूक कमी होते. बदल्यात दाबाखालची हवा, वीज आणि झडपा यांवर सगळे अवलंबून राहते. नळी जुनीपेक्षा अरुंद असते. जुन्या वळणातून निदान एखादी पुडी तरी वाकून निसटायची. इथे एक ओला टिश्यूचा बोळा सगळे ठप्प करतो आणि तो काढायला आकडा नव्हे, फिटर लागतो.